सर गेले, मग टीम कोणाची?

मार्च 2024. नागपुरात जामठ्याच्या मैदानावर रणजी ट्रॉफीची सेमीफायनल होती. विदर्भ विरुद्ध मध्य प्रदेश. आपल्या धारणीकरांसाठी ही मॅच म्हणजे पंचाईतच! जिल्हा अमरावती म्हणून विदर्भ आपला आणि हद्दीला लागून म्हणून मध्य प्रदेशही शेजारचा. त्यात मध्य प्रदेशचे कोच होते चंद्रकांत पंडित, म्हणजे विदर्भाला पहिल्यांदा रणजी जिंकून देणारे सर. विदर्भ 62 धावांनी जिंकला. पण एक प्रश्न उरलाच. विदर्भाचं यश पंडित सरांचं, की विदर्भाचं?

जमेची बाजू

विदर्भ रणजीत 1957-58 पासून खेळतोय. साठ वर्षांत एकदाही फायनल नाही. मोठ्या टीमला विदर्भाविरुद्धची मॅच म्हणजे हक्काचे पॉइंट वाटायचे. 2017 मध्ये मुंबईने पंडित सरांच्या जागी दुसरा कोच आणला आणि सर विदर्भाकडे आले. त्याच सीझनला चमत्कार झाला. कोलकात्यात कर्नाटकविरुद्धची सेमीफायनल फक्त 5 धावांनी जिंकली. मग इंदूरच्या फायनलमध्ये रजनीश गुरबाणीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक आणि 1 जानेवारी 2018 ला दिल्लीवर 9 विकेट्सनी विजय. याच फायनलमध्ये अकोल्याच्या आदित्य ठाकरेने रणजी पदार्पण केलं. (नाव वाचून गोंधळू नका, हा फास्ट बॉलर आहे!)

पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून पुन्हा रणजी. दोन्ही वर्षी इराणी करंडकही आपलाच. नंतर 2022 मध्ये सरांनी मध्य प्रदेशलाही पहिल्यांदा चॅम्पियन केलं, तेही मुंबईला हरवून. मुंबई, विदर्भ, मध्य प्रदेश मिळून कोच म्हणून सहा रणजी करंडक. एवढं पाहिल्यावर कोण काय बोलणार?

आता दुसरी बाजू

बोलायला जागा आहे. 2019-20 मध्ये पंडित सर असतानाच विदर्भ नॉकआउटपर्यंत पोहोचला नाही. त्यानंतर सर मध्य प्रदेशला गेले. कोविडमुळे एक रणजी सीझन झालाच नाही आणि पुढच्या दोन सीझनमध्येही विदर्भ साखळीतच बाद. तेव्हा "सर गेले, संपलं सगळं" असं वाटणं साहजिक होतं.

सरांची कडक शिस्तही सगळ्यांना झेपली नाही. आयपीएलमध्ये ते कोलकाता नाईट रायडर्सचे कोच होते. 2023 ला टीम सातवी आली. जगभर खेळलेल्या खेळाडूंना कसं वागायचं, काय घालायचं हे कोणी सांगायची गरज नसते, अशी नाराजी त्या टीममधल्या डेव्हिड विसाने नंतर एका पॉडकास्टवर बोलून दाखवली. 2024 ला हीच टीम चॅम्पियन झाली, पण तेव्हा गौतम गंभीर मेंटॉर होता, त्यामुळे श्रेय वाटलं गेलं. 2025 ला आठवा नंबर आणि सर बाहेर.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचं वेड आपल्या क्रिकेटसारखंच. तिथे जॉन कॅलिपारी यांनी केंटकी विद्यापीठाला 2012 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद दिलं. पण 2022 आणि 2024 मध्ये नवख्या समजल्या जाणाऱ्या टीम्सनी केंटकीला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. कॅलिपारी त्याच वर्षी आर्कान्साला गेले. करंडक खरा, की शेवटची हार? भांडण तिथेही तेच.

मग हिशोब कसा मांडायचा?

माझ्या मते कोचचा खरा निकाल तो गेल्यावर लागतो. विदर्भाकडे बघा. 2023-24 ला फायनल गाठली, मुंबईकडून हरले. 2024-25 ला सेमीफायनलमध्ये त्याच मुंबईला हरवलं आणि केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरी रणजी जिंकली. कोच होते उस्मान घनी. हर्ष दुबेने सीझनमध्ये 69 विकेट्स घेऊन रणजीचा विक्रम केला. आणि कॅप्टन कोण? 2018 च्या फायनलमध्ये शतक मारणारा तोच अक्षय वाडकर!

याचा अर्थ पंडित सरांची गरज नव्हती असा नाही. पण पाया आधीपासून घातला जात होता. नागपुरात अकादमी होती, ज्युनिअर टीम्सवर काम चालू होतं. पहिली रणजी आली त्याच हिवाळ्यात विदर्भाच्या 19 वर्षांखालील पोरांनी कूचबिहार करंडक जिंकला. त्या फायनलमध्ये अकोल्याच्या अथर्व तायडेने त्रिशतक ठोकलं होतं. सरांनी या टीमला शिस्त दिली आणि 'आपण जिंकू शकतो' हा विश्वास दिला. तो विश्वास ते गेल्यावरही टिकला, म्हणून त्यांचं पारडं जड.

आता जरा आपल्या कॉलेजकडे वळू. मेळघाटातली पोरं पळण्यात, दमात कोणाला ऐकणारी नाहीत. पण आपल्याकडे टीम बहुतेक वेळा एकाच सरांच्या जिवावर चालते. सरांची बदली झाली की बॉल कपाटात आणि ग्राउंडवर गवत! म्हणून पुढच्या वेळी ऑफिसातल्या काचेच्या कपाटातले कप मोजताना आणखी दोन गोष्टी बघा. ज्युनिअरला शिकवणारे सिनिअर तयार झालेत का? सर नसतील त्या दिवशीही प्रॅक्टिस होते का? उत्तर 'हो' असेल, तर तुमच्या सरांनी मोठं काम केलंय. एकही कप नसला तरी.