लिनक्सवरचे ग्राफिक्स ड्रायव्हर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विंडोजची सवय असलेला माणूस लिनक्स टाकल्यावर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर शोधायला जातो. बऱ्याच अडचणी तिथूनच सुरू होतात.

गैरसमज: प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर वेगळा टाकावाच लागतो.
वस्तुस्थिती: इंटेल आणि एएमडीच्या बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. ‘एएमडीजीपीयू’ हा एएमडीचा ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलचा भाग आहे. ओपनजीएल आणि व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेसचं काम ‘मेसा’ सांभाळतं आणि तेही सहसा आधीच बसवलेलं असतं. कार्ड अगदी नवं असेल तर कर्नल आणि मेसा अपडेट करायचे, एवढंच.

गैरसमज: एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवलेला ड्रायव्हर सर्वांत चांगला.
वस्तुस्थिती: ती ‘रन’ फाइल पॅकेज मॅनेजरला न विचारता बसते. पुढे कर्नल अपडेट झाला आणि त्यासाठी मॉड्यूल नव्याने तयार झालं नाही, की काळा स्क्रीन समोर येतो. म्हणून ड्रायव्हर डिस्ट्रोच्या मार्गानेच घ्यावा: उबुंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून, फेडोरात ‘आरपीएम फ्यूजन’मधून.

गैरसमज: ड्रायव्हर टाकूनही सुरू होत नाही, म्हणजे कार्ड लिनक्सवर चालतच नाही.
वस्तुस्थिती: अनेकदा अडवणारा असतो ‘सिक्युअर बूट’. विश्वासार्ह सही नसलेलं मॉड्यूल तो लोड होऊ देत नाही. उबुंटू इन्स्टॉलेशनच्या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि रीस्टार्टनंतर निळा स्क्रीन येतो. तिथे घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं, तर सहीची की (एमओके) नोंदवली जात नाही. ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा.

गैरसमज: जितकी नवी आवृत्ती, तितकी चांगली.
वस्तुस्थिती: आवृत्ती कार्डाच्या पिढीनुसार ठरते. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० ही शेवटची मालिका. त्यापुढचे ड्रायव्हर ती कार्डं ओळखतच नाहीत.

गैरसमज: एनव्हिडियाचा ड्रायव्हर आता पूर्णपणे ओपन सोर्स झाला आहे.
वस्तुस्थिती: मे २०२२ मध्ये कंपनीने फक्त कर्नल मॉड्यूलचा सोर्स कोड खुला केला, तोही ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांपुरता. ओपनजीएल, व्हल्कन आणि कुडाचा भाग अजून बंदिस्तच आहे.

गैरसमज: स्क्रीन काळा झाला, की लिनक्स पुन्हा टाकावं लागतं.
वस्तुस्थिती: ग्रब या बूट मेन्यूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुन्या कर्नलने मशीन सुरू करून पाहा. तेही जमलं नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून टर्मिनल उघडा, लॉगिन करा आणि ड्रायव्हरचं पॅकेज काढून टाका. आपल्या फाइलींना धक्का लागत नाही.