नाक्यावरचा संगीतकार : मूनडॉग

गाणे ऐकावयाचे असते, गाणाऱ्याकडे पाहावयाचे नसते, असे जाणकार सांगत आले आहेत. पण व्यवहारात हे सहसा घडत नाही. कलावंताची वेशभूषा, त्याच्या लहरी, त्याचे विक्षिप्त वागणे यांच्या गोष्टी गावभर होतात आणि ज्या कलेपायी तो तसा जगत असतो ती कला मात्र मागे राहते. मूनडॉग या नावाने ओळखल्या गेलेल्या अमेरिकन संगीतकाराच्या बाबतीत हे फार ठळकपणे घडले. न्यूयॉर्क शहरातील सिक्स्थ ॲव्हेन्यू या गजबजलेल्या रस्त्याच्या कडेला तो १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे २५ वर्षे उभा राहत असे. लांब दाढी, अंगावर स्वतः बेतलेला झगा, हातात भाला आणि डोक्यावर शिंगांचे शिरस्त्राण असा त्याचा थाट. त्याला हजारो लोकांनी पाहिले. त्याचे संगीत ऐकणारे मात्र थोडेच निघाले. आणि ज्याच्याकडे सारे शहर पाहत होते तो स्वतः दृष्टिहीन होता.

त्याचे मूळ नाव लुई थॉमस हार्डिन. जन्म २६ मे १९१६ रोजी कॅन्सस राज्यातील मेरिझव्हिल येथे झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. पुढे हे कुटुंब वायोमिंग राज्यात गेले. तेथे वडिलांनी लहानग्या लुईला अरापाहो या आदिवासी जमातीच्या सूर्यनृत्याच्या उत्सवाला नेले. जमातीचा वृद्ध प्रमुख यलो काफ याच्या मांडीवर बसून त्याने बायसनच्या कातड्याचा नगारा वाजवला. त्या नगाऱ्याचा ठेका त्याच्या कानांतून पुढे कधीच गेला नाही. सोळाव्या वर्षी, १९३२ साली, त्याच्यावर घाला आला. रुळांजवळ सापडलेली सुरुंग उडवण्याची नळी हातात फुटली आणि दोन्ही डोळे कायमचे गेले. त्यानंतर थोरली बहीण त्याला पुस्तके वाचून दाखवी. त्यांतील संगीतजीवनावरच्या एका कादंबरीने त्याच्या मनात संगीतकार होण्याची इच्छा जागवली. आयोवातील अंधशाळेत तो ब्रेल लिपीतून संगीत शिकला आणि १९४३ साली न्यूयॉर्कला येऊन दाखल झाला. 'मूनडॉग' हे नाव त्याने १९४७ साली घेतले. त्याच्या जुन्या घरी चंद्राकडे तोंड करून रडणारा एक कुत्रा होता, त्याची ही आठवण.

त्याच्या वेशाविषयी नाना तर्क केले जात, पण त्यामागचे कारण साधे होते. आरंभी त्याचा झगा आणि दाढी पाहून लोक त्याला येशू ख्रिस्ताची उपमा देत. वडिलांच्या धर्मापासून दूर गेलेल्या हार्डिनला ती रुचत नसे. उत्तर युरोपातील प्राचीन देवतांच्या कथांनी त्याच्या मनाची पकड घेतली होती. म्हणून त्याने व्हायकिंग योद्ध्याचा वेश पत्करला. रस्त्यावर तो आपल्या रचनांच्या छापील प्रती, कविता आणि ध्वनिमुद्रिका विकी. कोणी नाणे दिले तर घेई. पुष्कळदा मात्र तो नुसता मूक उभा असे. येणारेजाणारे त्याला भिकारी समजत किंवा वेडा. झग्याआड त्याची बोटे ब्रेलच्या पाटीवर टोचणीने ठिपके उमटवीत असत आणि त्या गर्दीतच नवी रचना जन्माला येत असे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक होती.

त्या रचनांचे स्वरूप समजून घेतले म्हणजे वेशावरून बांधलेले सारे अंदाज कोसळतात. त्याच्या संगीताचे दोन आधार आहेत. पहिला लयीचा. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत बहुतांशी चार किंवा तीन मात्रांच्या चौकटीत चालते. मूनडॉगला पाच आणि सात मात्रांचे ठेके प्रिय होते. सापासारखी वळणे घेत जाणाऱ्या या लयीला त्याने 'स्नेकटाइम' असे नाव दिले. झपताल आणि रूपक यांच्यावर पोसलेल्या आपल्या कानांना यात नवल वाटणार नाही, पण न्यूयॉर्कच्या वादकांची त्याने तारांबळ उडत असे. या ठेक्यांसाठी त्याने 'ट्रिंबा' नावाचे त्रिकोणी तालवाद्य स्वतः घडवले.

दुसरा आधार 'कॅनन' या जुन्या युरोपीय रचनाप्रकाराचा. एका गायकाने धून सुरू करावयाची, काही मात्रांनंतर दुसऱ्याने तीच धून पहिल्यापासून उचलावयाची, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. चौघांचे स्वर एकमेकांवर आले की त्यांतून सुसंवादच निघाला पाहिजे, कर्कशपणा नव्हे. म्हणजे धून रचतानाच तिचा प्रत्येक स्वर पुढेमागे कोणत्या स्वरांना भेटणार, याचा हिशेब करावा लागतो. मूनडॉगने अशी छोटी गाणी पुष्कळ रचली. शब्द त्याचेच, धूनही त्याचीच. एकटेपणावरचे त्याचे 'ऑल इज लोनलीनेस' हे पाच मात्रांतले गाणे याच जातीचे. १९६७ साली जॅनिस जॉप्लिन जिच्यात गात असे त्या संगीतमंडळीने ते आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले. नियमांच्या बाबतीत हा विक्षिप्त म्हणवला गेलेला मनुष्य विलक्षण काटेकोर होता.

या काटेकोरपणाची किंमतही मोठी होती. डोळस संगीतकार वाद्यवृंदातील सर्व वाद्यांच्या ओळी कागदावर एकाखाली एक मांडतो आणि एका दृष्टिक्षेपात त्यांचा मेळ तपासतो. ब्रेलमध्ये ही सोय नाही. बोटाखाली एका वेळी एकच ओळ येते. उरलेल्या साऱ्या ओळी स्मरणात जागत्या ठेवाव्या लागतात. शिवाय वादकांना ब्रेल वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक रचना स्वर न् स्वर सांगून डोळस लेखकाकडून उतरवून घ्यावी लागे आणि त्याचा मोबदला द्यावा लागे. रस्त्यावर मिळालेल्या पैशांतला बराच भाग असा खर्ची पडे. कोणाच्याही पदरी न राहणाऱ्या या कलावंताला आपले स्वतःचे संगीत दुसऱ्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांवाचून गत्यंतर नव्हते.

त्याच्या आयुष्याला नभोवाणीने दोनदा वळण दिले. ॲलन फ्रीड हा नामांकित निवेदक १९५१ पासून क्लीव्हलंड नभोवाणीवर 'मूनडॉग' हे नाव घेऊन कार्यक्रम सादर करी आणि हार्डिनची ध्वनिमुद्रिकाही त्यात वाजवी. १९५४ साली हा कार्यक्रम न्यूयॉर्कला आला तेव्हा हार्डिनने न्यायालयात धाव घेतली. एका बाजूला लाखो श्रोते असलेला निवेदक, दुसऱ्या बाजूला नाक्यावर उभा राहणारा अंध वादक. प्रश्न एवढाच, की हे नाव कोणाचे? रस्ता हीच ज्याची रंगभूमी, त्याचा आपल्या नावावर व्यावसायिक संगीतकाराचा हक्क पोहोचतो काय? निकाल हार्डिनच्या बाजूने लागला. फ्रीडला नाव सोडावे लागले, नुकसानभरपाईही द्यावी लागली. त्याने आपल्या कार्यक्रमाला 'रॉक अँड रोल पार्टी' असे नवे नाव दिले आणि 'रॉक अँड रोल' हा शब्दप्रयोग घरोघर पोहोचण्यास त्याचा मोठा हातभार लागला.

पुढे संगीतक्षेत्रातील जाणत्या मंडळींचे लक्ष त्याच्याकडे हळूहळू वळले. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तरुण रचनाकार फिलिप ग्लास याच्या घरी तो काही काळ राहिला. ग्लास, स्टीव्ह राइक आणि इतर मित्र त्याच्या रचना एकत्र गात-वाजवीत. १९६९ साली कोलंबिया या मोठ्या कंपनीने वाद्यवृंदासह त्याची ध्वनिमुद्रिका काढली. जॅझवादक चार्ली पार्कर १९५५ साली निवर्तला होता. त्याच्या स्मरणार्थ रचलेली 'बर्ड्स लॅमेंट' ही छोटी रचना तीत आहे. १९७१च्या ध्वनिमुद्रिकेत आपली मुलगी जून हिच्यासह गायिलेल्या त्याच्या कॅननगीतांचा संग्रह आला. तरीही तो रस्त्यावर उभा राहतच होता.

दुसरे वळण १९७४ साली आले. फ्रँकफुर्ट येथील हेसन प्रांताच्या नभोवाणीच्या निमंत्रणावरून कार्यक्रमासाठी तो जर्मनीला गेला आणि तेथेच राहिला. ज्या देशातून युरोपीय संगीताची महान परंपरा आली, तो त्याला आपला वाटला. पण तेथेही आरंभी रस्ताच वाट्याला आला. रेक्लिंगहाउझन गावी इलोना गोबेल या तरुण विद्यार्थिनीने त्याला पाहिले आणि आपल्या कुटुंबात आणले. ती त्याची ब्रेलमधली लिपी वाचावयास शिकली, त्याच्या रचना वादकांना वाचता येतील अशा लिपीत उतरवू लागली, त्यांचे प्रकाशन तिने हाती घेतले. तिच्याच आग्रहावरून व्हायकिंगचा वेश उतरला. आता लोकांना पाहण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा ऐकण्यावाचून इलाज राहिला नाही. जर्मनीतील २५ वर्षांत त्याने विपुल रचना केली. १९८९ साली तो न्यूयॉर्कला परतला तो पाहुणा म्हणून, ब्रुकलिन येथील संगीतमहोत्सवात आपल्या रचनांचे संचालन करण्यासाठी. ८ सप्टेंबर १९९९ रोजी म्युन्स्टर येथे वयाच्या त्र्याऐंशिव्या वर्षी त्याचे निधन झाले.

त्याच वर्षी मिस्टर स्क्रफ या इंग्रज संगीतकाराने 'बर्ड्स लॅमेंट'चा एक तुकडा आपल्या रचनेत गुंफला. तो नृत्यगृहांतून आणि जाहिरातींतूनही वाजला. ज्यांनी तो ऐकला त्यांच्यापैकी बहुतेकांनी मूनडॉगला कधी पाहिले नव्हते आणि त्याचे नावही त्यांना माहीत नव्हते. न्यूयॉर्कमध्ये होता त्याच्या अगदी उलट हा प्रकार.

स्वतंत्र कलावंताचे स्वातंत्र्य म्हणजे सर्वांपासून तुटून राहणे, असा एक समज आहे. मूनडॉगचे आयुष्य तसे सांगत नाही. धनिकाचा आश्रय आणि कंपनीचे बंधन यांवाचून तो जगू शकला. पण वाचून दाखवणारी बहीण, स्वर उतरवून घेणारा लेखनिक, नावाचा हक्क मानणारे न्यायासन, दार उघडणारी नभोवाणी यांच्यावाचून त्याचे संगीत त्याच्या पाटीवरच्या ठिपक्यांतच राहिले असते. रस्त्यावरच्या कलावंताच्या हातावर नाणे ठेवणे सोपे असते. दोन घटका थांबून त्याचे ऐकणे अधिक कठीण, आणि त्याला हवे असते तेही तेच.