व्हॉलीबॉलमधील सर्व्हिस

व्हॉलीबॉलमधील इतर प्रत्येक फटका दुसऱ्याने धाडलेल्या चेंडूवर मारावा लागतो. सर्व्हिस तेवढी सर्वस्वी स्वतःच्या हातची असते. तरीही पांढुर्णा आणि सौंसर येथे आम्ही जे सामने पाहतो, त्यांत ऐन चुरशीच्या वेळी गुण जातात ते पुष्कळदा सर्व्हिसवरच. पूर्वी ही चूक स्वस्तात निभावत असे. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळत; ती चुकली की सर्व्हिस प्रतिपक्षाकडे जाई, गुण मात्र जात नसे. १९९८ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने हा नियम बदलला. आता जाळ्यात अडकलेली सर्व्हिस म्हणजे प्रतिपक्षाला दिलेला रोख गुण होय.

कित्येकांचा असा समज असतो की, सर्व्हिसला दंडात बळ पाहिजे. आमच्या मते खरी मेख डाव्या हातात आहे. (डावखुऱ्यांनी हे उलट वाचावे.) चेंडूचे वजन अवघे २६० ते २८० ग्रॅम, म्हणजे आपल्याकडील दोन मोठ्या संत्र्यांइतके, आणि जाळे ९ मीटरांवर. एवढे अंतर तोडणे शाळकरी मुलामुलींना जड नाही. जड आहे ते चेंडू प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर सोडणे. तो डोक्यामागे गेला तर फटका खालून बसतो व चेंडू आकाशात चढतो. फार पुढे गेला तर हात वरून पडतो व चेंडू जाळ्यात शिरतो.

नवशिक्याने आरंभ खालच्या हाताच्या सर्व्हिसने करावा. डावा पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, चेंडू डाव्या तळहातावर कमरेइतक्या उंचीवर. उजवा हात लंबकासारखा मागून पुढे यावा आणि तो चेंडूला भिडण्यापूर्वी क्षणभर डावा हात दूर व्हावा. हातात धरलेलाच चेंडू मारणे नियमाविरुद्ध आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर जेथे गोटमार होते, त्या पांढुर्ण्याच्या मुलांना फेकणे शिकवावे लागत नाही. परंतु येथे फेकणे कामाचे नाही. फटकाच बसला पाहिजे.

डोक्यावरून करावयाच्या सर्व्हिसमध्ये चेंडू उजव्या खांद्यासमोर, हात पोहोचेल त्याहून थोडा वर उडवावा. मनगट ताठ ठेवून तळहाताच्या मनगटालगतच्या कठीण भागाने चेंडूच्या मध्यावर आघात करावा आणि हात तेथेच आवरावा. असा चेंडू स्वतःभोवती फिरत नाही. न फिरणाऱ्या चेंडूभोवतीची हवा कधी एका, तर कधी दुसऱ्या बाजूने सुटते. म्हणून तो वाटेत डुलतो आणि घेणाऱ्याचे हात चुकवितो.

सराव प्रथम जाळ्यापासून पाच-सहा मीटरांवरून करावा. ओळीने दहा चेंडू पलीकडे मैदानात पडले की एक पाऊल मागे सरावे. शेवटच्या रेषेमागे पोहोचल्यावर मात्र फटक्याच्या क्षणी तिला पाय लागता कामा नये. पंचांच्या शिट्टीनंतर ८ सेकंद मिळतात. बहुतेक मुले त्यांतील दोनही वापरीत नाहीत!

आपली मैदाने उघडी. वारा समोरून असेल तर निर्धास्तपणे जोरात मारावे, कारण तो चेंडूला आतच पाडतो; पाठीवर असेल तर हात आखडता घ्यावा. नेम धरावयाचा तो एखाद्या खेळाडूवर नव्हे, दोघांच्या मधोमध. तेथे चेंडू कोणी घ्यावयाचा, हे ठरेपर्यंत तो जमिनीवर आलेला असतो.