सहा तासांत त्रिनिदाद

पोर्ट ऑफ स्पेनला सहा तासांचा लेओव्हर मिळाला होता. इमिग्रेशन आणि परतीचं चेक-इन वजा केलं, तर हातात जेमतेम अडीच. (व्हिसाचं आणि बॅगेचं निघण्यापूर्वीच बघून घ्या.) पियार्को विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, त्यात सकाळचा ट्रॅफिक. टॅक्सीवाले काका म्हणाले, "शहरात गेलात तर फ्लाइट चुकेल." क्वीन्स पार्क सव्हानाचं मैदान बघायचं राहिलं, याची हळहळ वाटलीच. वाटेतल्या क्युरेपलाच उतरलो, 'डबल्स' खायला.

हळद घातलेल्या दोन मऊ पुऱ्या, त्यांत छोले, काकडी, चिंचेची चटणी. कागदात गुंडाळून देतात, उभ्यानेच खायचं. तिखट 'स्लाइट' सांगा. मी इंदूरकर असूनही डोळ्यांत पाणी आलं.

३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' जहाजातून इथे पहिले भारतीय मजूर उतरले. पुढे आलेल्यांत भोजपुरी बोलणारे पुष्कळ. काकांचे पूर्वजही त्यांतलेच. काकांना हिंदी येत नव्हतं, सगळं इंग्रजीतच चाललं होतं. मध्येच म्हणाले, "माझी आजी घरी छोले करायची." मी चमकलो. त्यांच्याकडेही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात! आमच्याकडेही आजीच, असं सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या डबल्सचे पैसे मला देऊ दिले नाहीत.