स्पेस बार दाबण्याआधी

पडद्यावर तारीख आहे १ जुलै २०२५. एफसी गोवाचा संघ सुट्टी संपवून सरावाला परतलाय. मुख्य प्रशिक्षक म्हणून माझं नाव आहे. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या पुतण्याचं नाव कुठेच नाही, पण हुकूम त्याचेच चालतात.

"काका, पहिली फ्रेंडली मोहन बागानशी लावू."

"पहिल्याच आठवड्यात? पोरांना अजून घामसुद्धा आलेला नाही."

"मग कुणाशी?"

"आपल्याच रिझर्व्ह संघाशी."

त्याने तोंड वाकडं केलं. बाहेर कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि आत आम्ही गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानाची काळजी करत होतो.

हा सगळा कारभार 'फुटबॉल मॅनेजर' या संगणकीय खेळातला, त्याच्या २०२४च्या आवृत्तीतला. खेळ २०२३च्या मोसमापासून सुरू होतो. आमचे दोन मोसम खेळून झालेत, आता तिसरा उभा आहे. यात चेंडूला पाय लावायला मिळत नाही. संघ निवडायचा, सराव लावायचा, करार करायचे, डावपेच आखायचे आणि मग स्पेस बार दाबून दिवस पुढे ढकलायचा. सामना संगणक खेळवतो; आपण बाकावर बसून बोटं मोडायची.

या खेळाचं मूळ इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी घरच्या खोलीत बसून 'चॅम्पियनशिप मॅनेजर' लिहिला, तो १९९२मध्ये बाजारात आला. त्या पहिल्या खेळात क्लब खरे होते, पण खेळाडूंची नावं बनावट. बरीच वर्षं सामना म्हणजे पडद्यावर सरकणाऱ्या धावत्या वर्णनाच्या ओळी. वरून दिसणारं मैदान आणि त्यावर पळणारे ठिपके यायला २००३ उजाडलं. पुढे प्रकाशकाशी काडीमोड झाला, जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं आणि भावांच्या 'स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह' कंपनीने 'फुटबॉल मॅनेजर' या नव्या नावाने संसार मांडला.

खेळाची खरी पुंजी म्हणजे आकडे. प्रत्येक खेळाडूला वेग, दम, पासिंग, निर्णयक्षमता अशा डझनावारी गुणांत १ ते २० यांतला आकडा मिळतो. त्यामागे आणखी दोन आकडे दडलेले असतात, २००पैकी: आजची कुवत किती आणि जास्तीत जास्त कुठवर जाईल. सातत्य, मोठ्या सामन्यातली छाती, दुखापतीची खोड हेही आकड्यांतच असतं, पण आपल्याला दिसत नाही. ते प्रशिक्षकाने वागण्यावरून ओळखायचं, जसं सासऱ्याने जावयाचं.

हे आकडे यंत्र काढत नाही. जगभर हजाराहून जास्त निरीक्षक आपापल्या भागातले सामने बघून ते भरतात. माणूस आला की माणसाचा लोभही आला. २००१-०२च्या आवृत्तीत पोर्तुगालच्या एका छोट्या क्लबात 'टो मडेरा' नावाचा अफाट आघाडीवीर होता. जगभर हा खेळ खेळणाऱ्यांनी त्याला विकत घेऊन चषक जिंकले. पुढे कळलं की असा कुणी खेळाडूच नाही. तिथल्या निरीक्षकाने स्वतःलाच यादीत घुसवलं होतं. तरीही एकूण माहिती इतकी भरवशाची ठरली की २००८मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबने खेळाडू हेरायला ती वापरण्याचा करार केला.

आमच्या गावासाठी मात्र या यादीत एक बारीक सल आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये गेला. अशा व्यावसायिक खेळाडूचं पान खेळात सापडतं. पण शाहू स्टेडियमवर हलगीच्या कडकडाटात पेठेची अब्रू राखणाऱ्या पोराचं पान नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या इथल्या क्लबांची नावं मी शोधून पाहिली. मला सापडली नाहीत. ज्याच्याकडे बघायला कुणी निरीक्षक बसला नाही, त्याला २०पैकी शून्यसुद्धा मिळत नाही.

या क्लबांच्या नावातच 'तालीम मंडळ' आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. मोसमपूर्व सराव म्हणजे शेवटी तालीमच. पुतण्याला ती कंटाळवाणी वाटते, त्याला थेट लीग हवी असते. माझं म्हणणं असं की आपल्या हातात जे काही आहे, ते या सहा-सात आठवड्यांतच आहे.

या आठवड्यांत तीन गोष्टी भरायच्या असतात. पहिली अंगातली ताकद. सुट्टीवरून आलेला गडी पाऊण तासात धापा टाकतो. दुसरी सामन्याची धार. ही व्यायामाने येत नाही, सामन्यात मिनिटं खेळूनच येते. पैलवानाने कितीही जोर मारले तरी कुस्ती धरल्याशिवाय अंग मोकळं होत नाही, तसंच. तिसरी डावपेचांची ओळख: कुणी कुठे उभं राहायचं, चेंडू गेला की किती वेगाने परत मिळवायचा. ही ओळख पडद्यावर पट्टीसारखी भरत जाते. डावपेच बदलला की पट्टी पुन्हा खाली येते.

या तिन्ही गोष्टींची एकमेकींशी ओढाताण असते. सराव जोरात लावला तर ताकद लवकर येते आणि मांडीचे स्नायूही लवकर दुखावतात. मैत्रीपूर्ण सामने जास्त लावले तर धार येते, पण शिकवायला दिवस उरत नाहीत. म्हणून आमचं वेळापत्रक असं ठरलं: आधी आपल्याच रिझर्व्ह संघाशी सामना, दोन्ही डावांत वेगळे अकरा, मग डेंपोसारख्या गोव्यातल्याच क्लबांशी दोन, मग आठवडाभर फक्त कॉर्नर आणि फ्री किक, कारण २०२४च्या आवृत्तीत या ठरावीक फटक्यांची रचना नव्याने बारकाईने करता येते, आणि शेवटी एक तगडा प्रतिस्पर्धी. मोहन बागान तिथे. पुतण्याचं मन राखलं.

आता संघाकडे. खऱ्या खेळाडूंची नावं मुद्दाम देत नाही. संगणकाने दोन वर्षांत त्यांचं जे काही केलं, त्याला ते बिचारे जबाबदार नाहीत.

गोलरक्षक चांगला आहे, फक्त पायाने कच्चा. मागून पास देत खेळ उभा करायचा आमचा हट्ट आहे, तेव्हा त्याच्या पासिंगचा ९ हा आकडा मोसमभर छातीत धडकी भरवणार. मधले दोन बचावपटू उंच आणि समजूतदार, पण दोघेही तिशीपार. गेल्या मोसमात शेवटच्या वीस मिनिटांत आमच्यावर गोल का होत होते, हे त्यांच्या दमाचा आकडा बघितला की कळतं.

डाव्या बगलेला आमचं गुपित आहे. सतरा वर्षांचा लेफ्ट बॅक, जन्म मडगाव असं लिहिलंय, पण मडगावच्या कुठल्याही नोंदवहीत तो सापडणार नाही. खरे खेळाडू निवृत्त होत जातात तसे खेळ दरवर्षी नवी पोरं जन्माला घालतो, त्यातलं हे एक. वेग १५, जिद्द १७, जागा धरण्याची अक्कल ६. एका सामन्यात त्याने पहिल्या अर्ध्या तासात दोनदा ऑफसाइडचा सापळा मोडला आणि लगेच धावत जाऊन एक गोल गोलरेषेवरून काढला. पुतण्या खुर्चीवर उभा राहिला. मी त्या पोराचं वेळापत्रक उघडलं आणि वैयक्तिक सरावात 'पोझिशनिंग' लावलं.

मधल्या फळीत गर्दी आहे आणि तिथेच नियमाची गाठ बसते. आयएसएलमध्ये संघात सहा परदेशी ठेवता येतात, मैदानात एका वेळी चारच. आमचे तीन उत्तम परदेशी मध्यरक्षकच आहेत. एक आघाडीला, एक बचावात धरला की एकाला बाहेर बसवावं लागतं, आणि बाहेर बसलेला माणूस दुसऱ्या महिन्यात प्रशिक्षकाच्या दारात येऊन भांडतो. आघाडीला वर्षाला पंधराच्या वर गोल करणारा हुकमी माणूस नाही. गोव्याच्या चाहत्यांना ही उणीव जास्त टोचते, कारण त्यांनी फेर्रान कोरोमिनासला २०१७-१८मध्ये एकाच मोसमात १८ गोल करताना बघितलंय.

मग अंदाज काय? खेळातल्या वार्ताहरांनी आम्हाला चौथ्या क्रमांकावर ठेवलंय, व्यवस्थापनाला पहिल्या सहांत जागा हवी आहे. पुतण्या म्हणतो, शील्ड, म्हणजे लीगच्या तक्त्यात पहिलं येणाऱ्याची ढाल, आपलीच. मी कागद घेतला.

समजा आपला संघ इतका चांगला आहे की प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता निम्मी, बरोबरीची पाव आणि हरण्याची पाव. २२ सामन्यांचा मोसम धरला तर सरासरी साडेअडतीस गुण होतात. पण ही झाली सरासरी. हाच संघ, हेच आकडे, हाच सराव घेऊन मोसम पुन्हापुन्हा खेळवला, तर तीनपैकी साधारण दोन वेळा गुण ३२ ते ४५च्या दरम्यान पडतील आणि एकदा त्याच्याही बाहेर. आता खऱ्या आयएसएलचा २०२३-२४चा तक्ता समोर ठेवा. ४५ गुणांवर गोवा तिसरा होता, शील्डपासून तीन गुण दूर. ३३ गुणांवर केरळ ब्लास्टर्स पाचवा. म्हणजे काहीही वेगळं न करता एकच प्रशिक्षक शील्डच्या उंबरठ्यावर पोचू शकतो किंवा पहिल्या सहांत कसाबसा टिकू शकतो. वर्तमानपत्रं पहिल्याला द्रष्टा म्हणतील आणि दुसऱ्याचा राजीनामा मागतील.

म्हणून आमच्या घरात एक नियम आहे: हरल्यावर जुनं सेव्ह उघडून सामना पुन्हा खेळायचा नाही. पुतण्याला हा जुलूम वाटतो. पण परत खेळवून जिंकलेल्या सामन्यात आपण काही सुधारलेलं नसतं, नुसते फासे पुन्हा टाकलेले असतात. तयारी आपली, दान नशिबाचं. संगणकावरचा मोसम या दोघांना जितका स्वच्छ वेगळा करून दाखवतो, तितका खरा मोसम दाखवत नाही.

माझा अंदाज तिसरा क्रमांक. लिहून कपाटाच्या आत चिकटवलाय.

त्या रात्री आम्ही दहा दिवस पुढे सरकलो. स्पेस बार, स्पेस बार. ११ जुलै २०२५ आली. खेळात त्या दिवशी डेंपोशी दुसरा मैत्रीपूर्ण सामना होता. लेफ्ट बॅकने नव्वद मिनिटं काढली, आम्ही ३-० जिंकलो. पुतण्या पुढच्या दिवसाकडे निघाला. मी थांबलो, कारण खरी ११ जुलै मला आठवत होती.

त्या दिवशी खऱ्या आयएसएलच्या आयोजकांनी २०२५-२६चा मोसम स्थगित केल्याचं कळवलं. फुटबॉल महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला हक्कांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता, आणि पुढे काय याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. काही क्लबांनी सराव थांबवले, काहींनी पगार. गोव्याला थांबताही येत नव्हतं. सुपर कप जिंकून त्यांनी आशियाई स्पर्धेची पात्रता फेरी गाठली होती. घरच्या लीगचा पत्ता नसताना त्यांनी सराव केला आणि ऑगस्टमध्ये फातोर्ड्यावर ओमानच्या अल सीबला २-१ने हरवलं. वर्ष सरलं तरी लीगचा चेंडू हलला नव्हता.

गंमत अशी की त्याच वर्षी संगणकातल्या फुटबॉललाही खाडा पडला होता. 'फुटबॉल मॅनेजर'ची २०२५ची आवृत्ती कंपनीने फेब्रुवारीत रद्द केली. नवी आली ती थेट नोव्हेंबरात, २०२६च्या नावाने. म्हणूनच आम्ही जुन्याच आवृत्तीत मुरलो.

पण त्या जुन्या आवृत्तीच्या आत काहीही अडलेलं नाही. तिथे दुखापत होते, खेळाडू रुसतो, व्यवस्थापन पैसे नाकारतं, नशीब दगा देतं. या सगळ्याला आकडा आहे. लीग सुरू होईल की नाही, याला आकडा नाही. तसा विचारच कुणी केलेला नाही. सरावाला आलेल्या पोराला मोसम मिळणार, हे त्या जगात सूर्योदयासारखं गृहीत आहे.

"काका, दाबू का?" पुतण्याचं बोट स्पेस बारवर होतं.

"दाब," मी म्हटलं. "निदान आपली लीग तरी वेळेवर सुरू होऊ दे."