श्रेयनामावली : ती सरकते कशी व सरकवावी कशी

चित्रपट संपला कीं पडदा काळा होतो, आणि पांढऱ्या अक्षरांची एक लांबलचक यादी खालून वर सावकाश चढूं लागते. प्रेक्षकांपैकीं बहुतेक मंडळी तोंवर दाराकडे वळलेली असतात. ह्या यादीला इंग्रजींत 'क्रेडिट्स' म्हणतात. मराठींत 'श्रेयनामावली' हा शब्द आतां रूढ झाला आहे. हल्लीं स्नेहसंमेलनाचें अथवा सहलीचें चित्रण मुलें स्वतःच मोबाइलवर करतात, आणि घरच्या संगणकावर तें जोडून त्याचा लहानसा चित्रपट बनवितात. त्यांत सर्वांत घाईनें उरकलेला भाग कोणता असेल, तर तो हाच. एकानें रात्रभर जागून पडदे रंगविलेले असतात, कोणाच्या आईनें पंधरा पोषाख शिवलेले असतात; आणि त्यांचीं नांवें पडद्यावरून अशा वेगानें धांवतात कीं, ज्याचें नांव त्यालाहि तें वाचतां येत नाहीं. ही यादी नीट कशी करावी, आणि तींत थोडें गणित कोठें दडलेलें आहे, हें येथें सांगावयाचें आहे.

आरंभींच्या मूकपटांत कथेचे दुवे जोडणारीं अक्षरें सरकत नसत. पाटी दिसे, थांबे व नाहींशी होई. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं मुंबईंत दाखविला गेला, त्यांतहि अशाच पाट्या होत्या. त्या चित्रपटाच्या कामीं सरस्वतीबाई फाळके यांनीं कोऱ्या फिल्मला भोकें पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या जेवणापर्यंत किती कष्ट उपसले, हें आज आपणांस चरित्रग्रंथांतून वाचावयास मिळतें. पुढें एका लांब कागदावर नांवें लिहून तो दंडगोलावर गुंडाळावयाचा, आणि कॅमेऱ्यासमोर तो दंडगोल हळूहळू फिरवावयाचा, अशी युक्ति निघाली. दूरचित्रवाणीनेंहि ती पुष्कळ वर्षें वापरली. 'स्टार वॉर्स' ह्या १९७७ सालच्या अमेरिकन चित्रपटाच्या प्रारंभीं दूर आकाशांत जाणारा जो मजकूर दिसतो, तोहि संगणकाची करामत नव्हे. अक्षरें आडवीं मांडून त्यांवरून कॅमेरा नेलेला होता. ह्याच मालिकेंतील १९८० सालच्या चित्रपटांत दिग्दर्शकाचें नांव आरंभीं न घालतां शेवटीं घातलें, म्हणून तेथील दिग्दर्शकांच्या संघटनेनें दंड केला, आणि त्या वादांतून निर्माते जॉर्ज लूकस यांनीं संघटनाच सोडली. नांव कोठें यावें, केव्हां यावें, हा प्रश्न ह्या धंद्यांतील लोकांना किती जिव्हाळ्याचा वाटतो तें यावरून दिसेल. पुढचें काम मिळावयाचें तें पुष्कळदां ह्या नांवांच्याच आधारें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. वास्तविक पडद्यावर कांहींच सरकत नसतें. चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ होय. मोबाइलवर बहुधा एका सेकंदांत अशीं ३० चित्रें घेतलीं जातात. चित्रपटगृहांतील चित्रपटांत तीं २४ असतात. ह्या प्रत्येक चित्रास 'फ्रेम' म्हणतात. फ्रेम ही बारीक ठिपक्यांची बनलेली असते व त्या ठिपक्यास 'पिक्सेल' हें नांव आहे. नेहमींच्या 'फुल एचडी' चित्राची रुंदी १,९२० आणि उंची १,०८० पिक्सेल असते. एखादें नांव पहिल्या फ्रेममध्यें तळाशीं ठेवलें, आणि पुढच्या प्रत्येक फ्रेममध्यें तीन तीन पिक्सेल वर घेतलें, कीं डोळ्यांना तें चढत असल्याचा भास होतो. तेव्हां वेग म्हणजे दर फ्रेमला किती पिक्सेल, एवढाच हिशेब.

समजा, आपल्या यादींत १५० ओळी आहेत, आणि मोकळ्या जागेसह एका ओळीस ७२ पिक्सेल लागतात. यादीची उंची १०,८०० पिक्सेल झाली. परंतु पहिली ओळ पडद्याच्या तळाखालून यावयाची आणि शेवटची ओळ माथ्यावरून नाहींशी व्हावयाची, म्हणून ह्या प्रवासांत पडद्याची उंचीहि मिळवावी लागते. आगगाडीस पूल ओलांडावयास किती वेळ लागेल, ह्या अंकगणितांतील जुन्या उदाहरणांत गाडीची लांबी पुलाच्या लांबींत मिळवितात; तोच हा प्रकार. एकूण अंतर ११,८८० पिक्सेल. दर फ्रेमला ३ पिक्सेल ठेवल्यास ३,९६० फ्रेम लागतील. त्यांस ३० नें भागिलें असतां १३२ सेकंद, म्हणजे दोन मिनिटें बारा सेकंद येतात. दर फ्रेमला ४ पिक्सेल ठेवल्यास ९९ सेकंद, व २ ठेवल्यास १९८ सेकंद.

एक नांव पडद्यावर किती वेळ राहतें हें काढणें याहून सोपें आहे. ३ पिक्सेलांच्या वेगानें १,०८० पिक्सेल चढावयास ३६० फ्रेम, म्हणजे १२ सेकंद लागतात. ४ च्या वेगानें ९ सेकंद. माझ्या मतें शाळेच्या चित्रपटास ३ हाच वेग योग्य. पाहणाऱ्यांत आजी-आजोबा असतात, आणि तीं सबंध यादींत एकच नांव शोधीत असतात. आतां उलट बाजू पाहा. गाणें संपावयास वीस सेकंद उरले आहेत, तेवढ्यांत यादी बसवूं, असें कोणी म्हटलें, तर ६०० फ्रेममध्यें ११,८८० पिक्सेल जावे लागतील. म्हणजे दर फ्रेमला १९.८. प्रत्येक नांव दोन सेकंदांहूनहि कमी काळ दिसेल, आणि त्याच वेळीं डोळ्यांपुढें पंधरा ओळी असतील! म्हणून गाण्यावरून यादीचा वेळ ठरवूं नये. यादीवरून वेळ काढावा, आणि मग तेवढें संगीत शोधावें.

३, ४ असे पूर्णांकच कां घ्यावयाचे, अडीच कां नको, अशी शंका कोणी चाणाक्ष विद्यार्थी काढील. अडीच पिक्सेलांवर अक्षर ठेवावयाचें तर पिक्सेलाचे दोन तुकडे करावे लागतील, आणि तें होत नाहीं. मग सॉफ्टवेअर एकतर अक्षर एकदां दोन व एकदां तीन पिक्सेल उचलतें, किंवा दोन ओळींच्या ठिपक्यांत रंग वांटून देतें. पहिल्या प्रकारांत अक्षरें खडबडीत रस्त्यावरील बैलगाडीसारखीं अडखळतात. दुसऱ्यांत त्यांच्या कडा पुसट होऊन लुकलुकतात. याखेरीज, संगणकाचे पडदे बहुधा सेकंदास ६० वेळां चित्र ताजें करतात. ३० फ्रेमच्या चित्रपटांतील प्रत्येक फ्रेम तेथें बरोबर दोनदां दिसते. २४ फ्रेमच्या चित्रपटांतील एक फ्रेम दोनदां तर पुढची तीनदां दाखवावी लागते, आणि एरवीं न जाणवणारी ही विषमता सरकत्या अक्षरांत मात्र स्पष्ट दिसते.

आतां प्रत्यक्ष कृति. दा व्हिंची रिझॉल्व्ह ह्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ति विनामूल्य मिळते. तिच्यांत शीर्षकांच्या संग्रहांत 'स्क्रोल' नांवाचा तयार तुकडा असतो. तो टाइमलाइनवर ठेवावा, आणि त्यांत यादी लिहावी. हा तुकडा जितका लांब ओढावा तितकी यादी सावकाश चालते. सोय मोठी खरी, परंतु वेग आंकड्यांत सांगावा न लागल्यामुळेंच लोक तुकडा हवा तसा आंखडतात. आपण वर काढलेले १३२ सेकंद मोजून तेवढाच तो ठेवावा, व चालवून पाहून बेताचा फरक करावा.

केडेनलाइव्ह हें दुसरें सॉफ्टवेअर सर्वस्वी विनामूल्य असून त्याची रीत मुलांना समजण्यास मला अधिक चांगली वाटते. तेथें शीर्षकाच्या खिडकींत सारी यादी एका उंच कागदाप्रमाणें मांडावयाची, आणि दोन चौकटी ठेवावयाच्या: एक यादीच्या वर, दुसरी यादीच्या खालीं. सॉफ्टवेअर पहिल्या चौकटीपासून दुसरीपर्यंत पाहत जातें. नजर खालीं उतरते, म्हणून अक्षरें वर चढलेलीं दिसतात. आगगाडी पुढें जाते आणि खिडकींतून स्टेशन मागें पळतें तसेंच. दोन्ही चौकटींचा आकार सारखा ठेवावा, नाहींतर अक्षरें जातां जातां मोठीं किंवा लहान होतील. आणि त्या एकाखालीं एक अचूक ठेवाव्या, नाहींतर यादी तिरपी जाईल.

कोणी यादीचें एकच उंच चित्र बनवून तें कीफ्रेमच्या साहाय्यानें सरकवितात. त्यांनीं गति आरंभापासून अखेरपर्यंत सारखी राहील अशी योजना करावी. अनेक ग्राफिक्स कार्डांस १६,३८४ पिक्सेलांहून उंच चित्र एकसंध पेलत नाहीं, म्हणून तीनशें ओळींची यादी असल्यास तिचे दोन भाग करावे. डाव्या-उजव्या कडांस शेंकडा पांच जागा, म्हणजे ९६ पिक्सेल, मोकळी सोडावी. कांहीं दूरचित्रवाणी संच कडा कापतात. काम डावीकडे आणि नांव उजवीकडे घालून मध्यें थोडें अंतर ठेवावें. डावा रकाना उजव्या कडेला व उजवा रकाना डाव्या कडेला टेंकवावा, म्हणजे डोळा चुकत नाहीं.

देवनागरीचा प्रश्न मात्र निराळा, आणि इंग्रजी पुस्तकांत तो सांपडत नाहीं. आपल्या अक्षरांना वर रफार, वेलांटी, अनुस्वार असतात व खालीं उकार. रोमन लिपीच्या बेतानें ओळी जवळ ठेवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटींत गुंततो. ७२ पिक्सेलांची ओळ घेतली तर अक्षर फार तर ४४ ते ४८ पिक्सेलांचें असावें. दुसरें असें कीं, आपलीं जोडाक्षरें संगणकास जुळवावीं लागतात. ही जुळणी ज्या सॉफ्टवेअरला येत नाहीं तेथें पहिली वेलांटी अक्षराच्या मागें जाऊन बसते, 'ज्योत्स्ना' हें नांव पाय मोडून चार ठिकाणीं तुटतें, आणि 'कीर्ति' मधील रफार भलत्याच अक्षरावर चढतो. अॅडोबी प्रीमिअर प्रोच्या अनेक आवृत्त्यांत 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हा पर्याय आधीं निवडावा लागतो, तेव्हां मराठी नीट उमटते. टंक युनिकोडचाच घ्यावा. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा 'मुक्त' आणि गूगलचा 'नोटो' हे दोन्ही टंक विनामूल्य असून पडद्यावर स्वच्छ दिसतात. यादी लिहिण्यापूर्वीं ज्योत्स्ना, कीर्ति, श्रीनिवास, क्रिस्तिना आणि कऱ्हाडकर एवढे पांच शब्द लिहून पाहावे. शेवटच्या शब्दांतील अर्धा र हा मराठीचा विशेष होय. तो ज्या टंकास साधला, त्यावर भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं.

अनुक्रमाबद्दल मतभेद होतात. मुख्य पात्रें आरंभीं असावींत हें ठीक. पण समूहगीतांतील चाळीस मुलांचीं नांवें वर्णमालेच्या क्रमानें लावावीं, म्हणजे कोणाचें आधीं कां, हा वाद उरत नाहीं. पोषाख, दिवे, खुर्च्या मांडणारे, दार उघडणारे शिपाई यांचीं नांवें 'आणि इतर' ह्या दोन शब्दांत गुंडाळूं नयेत. त्यांच्या दहा ओळी घातल्या तर ७२० पिक्सेल वाढतील. आपल्या वेगानें हिशेब केला तर अवघे आठ सेकंद!

यादी पुरी झाली कीं ती संगणकावर न तपासतां कागदावर छापावी आणि वर्गावर्गांतून फिरवावी. आपलें नांव ज्यानें त्यानें स्वतः वाचून त्यापुढें खूण करावी; पालकांचीं नांवें घरीं पाठवून विचारावीं. ऱ्हस्वदीर्घाची चूक शिक्षकाच्या नजरेंतून सुटेल, परंतु नांवाच्या धन्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. नंतर चित्रपट मोठ्या पडद्यावर लावून, सभागृहाच्या शेवटच्या रांगेंत बसून, यादी एकदां मोठ्यानें वाचावी. वाचणाऱ्याची दमछाक झाली तर वेग ३ वरून २ वर आणावा. शेवटचें नांव वर निघून गेल्यावर पडदा आणखी दोन सेकंद काळा राहूं द्यावा, म्हणजे दिवे लावणाऱ्यास सूचना मिळते.