अम्मी एकच, नोंदी दोन: दवाखाने ऑनलाइन होताना

मागच्या हिवाळ्यात आम्ही अम्मींना घेऊन पवनारहून एका मोठ्या दवाखान्यात गेलो. गुडघे फार दुखत होते. काउंटरवरच्या मुलाने नाव विचारलं, टाइप केलं आणि म्हणाला, "नवीन पेशंट का?" अम्मी तिथे सहा वर्षांपासून जातात. मागे रांग वाढत होती, त्याने पटकन नवी नोंद केली आणि नवा नंबर छापून हातात दिला. आत डॉक्टरसाहेबांनी पडदा पाहिला तर तो कोरा. शुगर नाही, किडनीचा रिपोर्ट नाही, काहीच नाही. त्यांनी गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी लिहिली.

अम्मींची किडनी कमजोर आहे. अशा गोळ्या त्यांना चालत नाहीत. आमच्या पिशवीत जुनी फाइल होती आणि तिच्यावर आधीच्या डॉक्टरांनी लाल पेनाने तसं लिहून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. डॉक्टरसाहेबांनी गोळी खोडली आणि "बरं झालं, कागद आणलात" असं म्हणाले. आता सांगा, दवाखाना ऑनलाइन झाला आणि जीव वाचवला कागदाने!

झालं काय होतं? सहा वर्षांपूर्वी नोंद झाली तेव्हा अम्मींच्या नावातलं 'शेख' इंग्रजीत नुसतं 'एस-के' असं लिहिलं गेलं. विदर्भात ही जुनी पद्धत आहे, रेशनकार्डापासून टीसीपर्यंत. आधारवर मात्र तेच आडनाव पूर्ण स्पेलिंगने आहे. शिवाय एकीकडे नावापुढे 'बी' आहे, दुसरीकडे 'बेगम'. माणसाला कळतं की बाई एकच. कॉम्प्युटरला त्या दोन बाया वाटतात. आपल्या घरांत हे सगळीकडे आहे: मोहम्मद, मो., मुहम्मद, लग्नाआधीचं नाव शाळेच्या दाखल्यावर, नंतरचं आधारवर, आणि म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख बघावी तर बहुतेकांची 1 जानेवारी.

हे सगळं सांगायचं कारण असं की दवाखान्यांतला हा बदल आता थांबणार नाही, आणि थांबावा असं आम्हाला वाटतही नाही. आपल्या जिल्ह्याला तो नवाही नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गांधीजींच्या काळातलं, 1969 साली तिथे डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. खेड्यातल्या लोकांनी ज्वारी देऊन आरोग्य विम्याचा हप्ता भरावा, अशी योजना याच दवाखान्याने चालवली. आणि याच दवाखान्यात 2000 नंतरच्या दशकात सी-डॅक या सरकारी संस्थेची संगणक प्रणाली आली, तेव्हा मोठमोठ्या शहरांतल्या अनेक दवाखान्यांतही सगळं रजिस्टरवर चालायचं. म्हणजे ज्वारीचं पोतं आणि कॉम्प्युटर, दोन्ही एकाच आवारात. खेड्यातल्या लोकांना हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी सेवाग्रामला एक चक्कर मारावी.

अशा प्रणालीचा फायदा साधा आहे. प्रत्येक पेशंटला एक नंबर. त्या नंबरावर रक्ताचा रिपोर्ट, एक्स-रे, औषधं, बिल सगळं जमा होतं. फाइल हरवत नाही, तीच तपासणी दोनदा करून पैसे जात नाहीत. पण सगळं त्या एका नंबरावर उभं आहे. नंबर चुकला की काय होतं ते वर सांगितलंच.

मशीन विकत घेणं यात सगळ्यात सोपं. माणसांचं काम बदलणं अवघड. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2002 मध्ये देशभर एकच संगणक योजना काढली. वरून ठरलं, खाली डॉक्टर-नर्सना फारसं कोणी विचारलं नाही, आणि अब्जावधी पौंड गेल्यावर 2011 मध्ये ती गुंडाळायची ठरली. आम्ही शिक्षक हे चांगलं ओळखतो. सरल पोर्टल आलं तेव्हा रजिस्टरही भरायचं आणि पोर्टलही, आणि सर्व्हर रात्री अकरानंतर चालायचा. आपल्या गावोगावच्या आशाताईंचंही तेच झालं. 2023 च्या ऑक्टोबरात त्यांचा राज्यभर संप झाला, तेव्हा मानधनासोबत ऑनलाइन कामाच्या सक्तीचा मुद्दाही होता. आधीचं काम कमी न करता नवं काम वर ठेवलं की माणूस घाईने काहीतरी भरून मोकळा होतो. काउंटरवरच्या त्या मुलाचा आम्हाला म्हणूनच राग आला नाही. त्याला कोणी शिकवलंच नसावं की नाव सापडलं नाही तर मोबाइल नंबरावरून, वडिलांच्या नावावरून शोध, आणि मगच नवी नोंद कर.

दुसरी गोष्ट, प्रणाली बंद पडली तर? 2022 च्या जुलैत राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली एचएमआयएस प्रणाली कंपनीसोबतच्या करारावरून बंद पडली. आपल्याकडून लोक ज्या नागपूरच्या मेडिकलला जातात, तिथेही पुन्हा हाताने चिठ्ठ्या सुरू झाल्या. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे देशातल्या एका नामांकित दवाखान्याने कागद-पेनवर काम केलं. म्हणून ज्या दवाखान्यात "आता कागद बंद" असं सांगतात, तिथे आपण आपली फाइल घरी सांभाळावीच. निदान डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी.

आता कार्डांचा घोळ. मोहल्ल्यात आम्हाला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. 'आभा' आणि 'आयुष्मान कार्ड' एक नाही. आभा हा 14 अंकी नंबर आहे, सप्टेंबर 2021 पासून देशभर सुरू झाला. त्यावर तुमच्या आरोग्याच्या नोंदी जोडता येतात. त्याने एक रुपयाचाही उपचार फुकट होत नाही. आयुष्मान कार्ड हे उपचाराच्या खर्चाचं, 5 लाखांपर्यंतचं. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न बघता हे कार्ड मिळतं, त्याला वय वंदना म्हणतात. घरात दादी-नाना असतील तर ते आधी काढा, आभा नंतर.

आभा ऐच्छिक आहे. नाही म्हणून उपचार नाकारता येत नाही. आणि तुमचे रिपोर्ट दिल्लीत एका जागी जमा होतात हाही गैरसमज आहे. नोंदी ज्या त्या दवाखान्याकडेच राहतात, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायच्या तर तुमची संमती लागते. ती संमती मोबाइलवर मागितली जाते, आणि खरी अडचण इथे आहे.

मोबाइल कोणाचा? आपल्या कित्येक घरांत एकच नंबर सगळ्यांच्या नावापुढे असतो. घरमालक बुटीबोरीला कंपनीत ड्यूटीवर, ओटीपी त्यांच्या फोनवर, आणि बायको इथे काउंटरवर उभी. ते फोन उचलत नाहीत तोवर रांग थांबलेली. याहून नाजूक गोष्ट म्हणजे सुनेच्या, मुलीच्या तपासणीचे मेसेज देवराच्या किंवा भावाच्या फोनवर जातात. बाईच्या पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आधी कोणी वाचावा? यात पडदा फक्त दारावर असून भागत नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या बाईचा स्वतःचा नंबर नोंदीला जोडावा, साधा बटणाचा फोन असला तरी ओटीपी येतो.

दवाखान्यांनीही थोडं करावं. पडद्यावरचं नाव आणि जन्मवर्ष पेशंटला वाचून दाखवावं. गर्दीच्या वेळी मदतीला एक माणूस काउंटरच्या बाहेर उभा करावा, त्याला थोडी उर्दू-हिंदी समजली तर फारच उत्तम. आणि डॉक्टरांनी टाइप करता करता दोनदा तरी मान वर करावी. अम्मींची खरी तक्रार तीच होती, "डॉक्टर तो टीव्ही देख रहे थे."

शाळेत आम्ही आठवीच्या मुलांना एक तक्ता करायला दिला. घरातल्या प्रत्येकाचं नाव आधार, रेशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी यांवर कसं आहे ते जसंच्या तसं उतरवून आणायचं. एका मुलीच्या दादीचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेचं निघालं. मुलीला हसू आवरेना. दादींनी मात्र तो कागद मागून घेतला आणि औषधांच्या डब्यात घडी करून ठेवला.

अम्मींच्या दोन नोंदी एक करायला आम्हाला तीन फेऱ्या पडल्या. काउंटरवर हे होत नाही, दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात अर्ज द्यावा लागतो. सोबत आधारची झेरॉक्स आणि दोन्ही नंबरांच्या चिठ्ठ्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाईंनी आमच्यासमोर नवी नोंद जुन्यात मिळवली, किडनीचा रिपोर्ट पडद्यावर उघडून दाखवला, आणि नावासमोर 'दुखण्याची गोळी देऊ नये' असा शेरा डॉक्टरांकडून टाकून घेतला. जुना नंबर आता अम्मींच्या फोनच्या कव्हरमध्ये आहे, मोठ्या अक्षरांत.